जुन्या पिकअप गाडीचे रबरी सांधे

मोटारगाडीच्या खाली वाकून पाहणाऱ्यास सर्वत्र पोलाद दिसते. चाके आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या सांध्यांत बसविलेले रबर मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ते झिजले म्हणजेच त्याची आठवण होते. त्याचे कार्य समजून घेण्यास अमेरिकेतील एका जुन्या गाडीचे उदाहरण फार सोयीचे आहे.

फोर्ड कंपनीने १९६५ च्या नमुन्यापासून आपल्या एफ-१०० या पिकअप गाडीस 'ट्विन आय-बीम' नावाची पुढील रचना दिली. हिच्यात एका अखंड आसाऐवजी दोन घडीव पोलादी तुळया असतात. डाव्या चाकाची तुळई सांगाड्याच्या उजव्या बाजूस, तर उजव्या चाकाची डाव्या बाजूस खिळीवर टांगलेली असते. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्यास त्याचा त्रास बेताचाच होतो. तुळई मागेपुढे सरकू नये म्हणून चाकाजवळून एक भक्कम दांडा मागे सांगाड्यापर्यंत जातो. त्यास 'रेडियस आर्म' म्हणतात. ही रचना कंपनीने १९९६ पर्यंतच्या एफ-१५० गाड्यांत चालू ठेवली, यावरून तिचा कणखरपणा ध्यानात यावा.

यातील दोन ठिकाणचे रबर आपल्या विषयाचे आहे. तुळईच्या खिळीवरील बुशात एकात एक अशा दोन पोलादी नळ्या असून त्यांच्यामधील पोकळीत रबर घट्ट बसविलेले असते. रेडियस आर्मच्या मागील टोकास आटे असतात. ते टोक सांगाड्यावरील बैठकीच्या छिद्रातून जाते आणि बैठकीच्या पुढे व मागे एकेक जाड रबरी बुश ठेवून नटाने आवळलेले असते. ब्रेक लावताच जमीन चाकाला मागे रेटते, दांडा मागे सरू पाहतो आणि पुढील बुश दाबला जातो. बुश चेपून सैल झाला असेल तर प्रत्येक ब्रेकला खालून 'खट्' असा आवाज येतो. आवाज एक वेळ सहन करता येईल. पण चाक मागे सरकले की तुळई आपल्या दूरच्या खिळीभोवती किंचित वळते, चाकाची दिशा बदलते आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. काही रुपयांच्या रबरावर अशा प्रकारे गाडीचे सरळ थांबणे अवलंबून असते.

रबर का बिघडते? चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकासह रबर तापविण्याची क्रिया शोधून काढली. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी बांधतात, म्हणून ताणलेले रबर पूर्ववत होते. परंतु नैसर्गिक रबराच्या रेणूंत द्विबंध शिल्लक राहतात आणि हवेतील ओझोन नेमका तेथेच घाव घालतो. दहा कोटी भागांत ओझोनचे काही थोडे भाग असले तरी पुरते. ताणलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडतात. इंजिनाचे तेल ठिबकत असेल तर रबर फुगते व मऊ पडते. शिवाय रबर कपाटातही म्हातारे होते. अनेक दशके वेष्टनात राहिलेला 'मूळ कंपनीचा, न वापरलेला' बुश संग्राहकास मौल्यवान वाटला तरी तो नवा नव्हे.

बदलाचे काम अंगमेहनतीचे आहे. मागील चाकांस ठोकळे लावून सांगाडा भक्कम आधारांवर ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. पुढील मळसूत्री स्प्रिंग दाबलेली असते. तुळईखाली आधार न देता शॉक शोषक सोडविल्यास तुळई एकदम खाली येऊन स्प्रिंग निसटण्याचा संभव असतो. जुना बुश तुळईच्या डोळ्यातून काढण्यासाठी काहीजण रबर जाळून टाकतात. त्याचा धूर विषारी असतो आणि उष्णता घडीव तुळईस हितकारक नाही. लांब बोल्ट, एक रुंद व एक अरुंद नळी घेऊन मळसूत्राच्या जोराने बुश दाबून काढणे केव्हाही श्रेयस्कर. नवा बसविताना रबरास साबणाचे पाणी लावावे, खनिज तेल किंवा ग्रीज लावू नये.

पुढची पायरी मात्र अनेकदा चुकते. खिळीवरचा हा सांधा घसरून फिरत नाही. बोल्ट आवळला की आतील नळी सांगाड्याला जखडली जाते, बाहेरील नळी तुळईत घट्ट असते, आणि तुळई हलली की मधले रबर पिळले जाते. म्हणूनच जुन्या पितळी बुशाप्रमाणे यास वरचेवर ग्रीज द्यावे लागत नाही. आता समजा, चाक लोंबकळत असतानाच बोल्ट पक्का केला. गाडी खाली उतरविल्यावर चाक १० सेंटिमीटर वर आले आणि खिळीपासून त्याचे अंतर १ मीटर असले, तर तुळई जवळजवळ ६ अंशांनी फिरेल. म्हणजे गाडी उभी असतानाही रबर ६ अंश पिळलेलेच राहील, आणि पुढच्या प्रत्येक खड्ड्याचा पीळ त्यात भर घालील. असे रबर लवकर फाटते. यास्तव बोल्ट प्रथम सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवावी, ती थोडी वरखाली हलवून नेहमीच्या उंचीवर येऊ द्यावी आणि मगच बोल्ट ठरलेल्या जोराने आवळावा.

अलीकडे रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्यवर्गाचा पाया घातला. हे बुश तेलास दाद देत नाहीत आणि चेपतही कमी. परंतु त्यांतील बरेचसे रबराप्रमाणे पिळले न जाता नळीवर घसरतात. त्यांना सिलिकॉन ग्रीज हवे. ते सुकले की करकर सुरू होते, आणि रस्त्याचे हादरेही सांगाड्यास अधिक पोहोचतात. शर्यतीच्या गाडीस ते शोभतील; आठवड्याच्या बाजारास जाणाऱ्या जुन्या पिकअपला रबरच बरे, असे आमचे मत आहे.

नवे बुश बसताच चाकांचे कोन पुन्हा मोजावे लागतात. त्या काळच्या घडीव तुळयांत चाकाचा उभा कल बदलण्यास स्क्रूची सोयच नव्हती. कारागीर मोठ्या दाबयंत्राने थंड तुळईच किंचित वाकवीत. त्यामुळे जुने, चेपलेले बुश तसेच ठेवून केलेले मोजमाप पुढे निरुपयोगी ठरते. आधी रबर बदलावे, थोडे अंतर गाडी चालवून सर्व नट पुन्हा तपासावेत, आणि नंतरच गाडी मोजमापास न्यावी.