एक सामना हरला की स्पर्धा संपली! गावच्या कबड्डी स्पर्धांची रचना बदलता येईल का?

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरी पट्ट्यात कबड्डीचा संघ खेळायला न्यायचा म्हणजे आधी गाडीची सोय करावी लागते. आहुपे, तळेघर परिसरातून घोडेगाव किंवा मंचरला जायचं तर भाडं, प्रवेश फी, जेवण आणि बुडालेला रोज असा खर्च येतो. स्पर्धा बाद पद्धतीची असेल आणि पहिलाच सामना हरला, तर हा सगळा खटाटोप ४० मिनिटांच्या खेळासाठी होतो.

प्रश्न एकट्या डिंभ्याचा नाही. यात्रा-जत्रांच्या निमित्ताने होणाऱ्या अनेक स्पर्धा याच पद्धतीने खेळवल्या जातात.

बाद पद्धतच का?

कारण ती आयोजकांना परवडते. प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर पडतो. त्यामुळे १६ संघ असतील तर १५ सामन्यांत विजेता मिळतो. पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांचे दोन डाव आणि ५ मिनिटांची विश्रांती असते. तयारी धरून एका सामन्याला तासभर लागतो. म्हणजे एकाच मैदानावर साधारण १५ तासांत स्पर्धा उरकते. शिवाय प्रत्येक सामना ‘जिंकू किंवा मरू’ असल्याने प्रेक्षकही जागेवरून हलत नाहीत.

मग तोटा कोणाचा?

१६ पैकी ८ संघ एकच सामना खेळून परततात, आणखी ४ संघ दोन सामन्यांनंतर. सर्वाधिक सामने मिळतात ते आधीच तगड्या असलेल्या संघांना. नव्या चढाईपटूला चुका सुधारायला दुसरा सामनाच मिळत नाही. चिठ्ठ्यांत दोन बलाढ्य संघ पहिल्याच फेरीत समोरासमोर आले, तर चांगला संघही लगेच घरी जातो.

साखळी सामने हा उपाय आहे का?

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीमुळे साखळी पद्धत घराघरांत पोहोचली. गावपातळीवर मात्र तिचं गणित अवघड आहे. १६ संघांचे चार गट केले तर गटांतच २४ सामने होतात. उपउपांत्य फेरीपासूनचे ७ धरले की एकूण ३१. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात, पण वेळ दुप्पट लागतो. एकाच दिवशी तीन-चार सामने खेळल्यास दुखापतीचा धोका वाढतो, आणि आधीच बाहेर पडलेल्या संघाच्या शेवटच्या सामन्यात कुणाला रस उरत नाही.

इतरांनी काय केलं?

आयर्लंडमध्ये १८८४ साली स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे खेळ चालवते. तिथले खेळाडूही मानधनाविना, आपापल्या गावच्या क्लबसाठी खेळतात. फुटबॉलच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत २००१ पासून पराभूत संघांना दुसरी संधी मिळू लागली. क्लबचे संघ ताकदीनुसार वरिष्ठ, मध्यम, कनिष्ठ अशा श्रेणींत खेळतात आणि कामगिरीनुसार वर-खाली जातात. पुढे वेळापत्रकही बदललं. २०२२ पासून काउंटी संघांचा अंतिम सामना जुलैमध्ये उरकतो आणि उरलेला हंगाम क्लबसाठी मोकळा राहतो.

श्रेणींची कल्पना आपल्याला नवी नाही. मुंबईतही कबड्डी संघांच्या श्रेणीनिहाय स्पर्धा होतात.

गावात काय जमू शकतं?

सर्वांत सोपा बदल म्हणजे दुसरा चषक. पहिल्या फेरीत हरलेल्या ८ संघांची वेगळी बाद स्पर्धा घ्यायची. तिचे ७ सामने वाढतात आणि एकूण २२ होतात. शेजारी १३ बाय १० मीटरचं दुसरं मैदान आखलं, तर ११ तासांत, म्हणजे एका मैदानावरच्या बाद स्पर्धेपेक्षाही लवकर, सगळं संपतं. दोन दिवसांत विभागलं तर खेळाडूंना विश्रांतीही मिळते.

जादा खर्च म्हणजे पंचांचं आणखी एक पथक आणि दुसऱ्या चषकाचं बक्षीस. मुख्य विजेत्याला पूर्वीइतकेच चार सामने खेळावे लागतात. लांबून आलेल्या प्रत्येक संघाला मात्र किमान दोन सामने नक्की मिळतात. हीच हमी असेल, तर डोंगरातला संघ पुढच्या वर्षीही गाडी करून येण्याची शक्यता वाढते.