मुस्तफा घरी आणायचा तर

‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ म्हटलं तर नव्वदीच्या दशकात वाढलेले बरेच जण क्षणभर आठवत बसतील, पण ‘मुस्तफा’ म्हटलं की लगेच ओळख पटते. कॅपकॉमने १९९३ साली व्हिडिओ गेम पार्लरसाठी काढलेल्या या गेममध्ये निवडायला चार पात्रं होती. त्यातल्या मुस्तफा काइरोचं नाव आपल्याकडच्या पोरांनी अख्ख्या गेमला देऊन टाकलं. ती पोरं आता चाळिशीत आहेत आणि त्यातल्या काहींना घरात आर्केड कॅबिनेट उभं करायचं आहे. प्लायवुड किती जाडीचं घ्यायचं, जॉयस्टिक कुठली, बटणांत किती अंतर ठेवायचं, यावर भरपूर खल होतो. एम्युलेटरचा, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रश्न मात्र अगदी शेवटी येतो आणि विकत घेतलेल्या छोट्या बोर्डावर जो चालेल तो स्वीकारला जातो. हे म्हणजे बाजारातून चौकट आणून तिच्या मापाने भिंत बांधण्यासारखं आहे. माझ्या मते आधी एम्युलेटर ठरवावा, मग त्याला पेलणारा कॉम्प्युटर घ्यावा. आणि पहिली पसंती, ती बदलण्याचं ठोस कारण मिळेपर्यंत, मेम या एम्युलेटरलाच द्यावी.

मेमची सुरुवात इटलीत झाली. निकोला साल्मोरिया यांनी पॅकमॅनच्या जातकुळीतल्या काही गेमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम एकत्र केले आणि ५ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात फुकट श्रम ओतले. जुने कॉम्प्युटर आणि कन्सोल यांच्यासाठी चाललेला मेस हा जुळा प्रकल्प २०१५ साली त्यात विलीन झाला, आणि २०१६ पासून मेम पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर आहे. या प्रकल्पाने स्वतःपुढे ठेवलेलं उद्दिष्ट मात्र गेम खेळायला देण्याचं नाही. जुनी यंत्रं आतून कशी चालत होती याची नोंद टिकवणं हे त्याचं काम. त्या नोंदीवरून गेम खरोखर चालतो, हा ती बरोबर असल्याचा पुरावा. घरी खेळणाऱ्याला हे उद्दिष्ट कोरडं वाटेल, पण त्याचा सर्वांत मोठा फायदा त्यालाच होतो.

तो कसा, हे मुस्तफाच्याच बोर्डावर बघू. कॅपकॉमच्या सीपीएस-१ बोर्डाचीच ही सुधारलेली पिढी. मुख्य प्रोसेसर ६८०००. आवाजाचा भाग सांभाळायला वेगळा झेड-८० प्रोसेसर, तोही ‘काबुकी’ नावाच्या सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेला. प्रत्यक्ष आवाज तयार करायला क्यूसाउंड ही चिप. या चिपच्या पोटात स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो हाती नव्हता तोवर एम्युलेटर लिहिणारे तिच्या वागण्यावरून अंदाज बांधून आवाज काढत. मेमच्या लोकांनी पुढे तो प्रोग्रॅम मिळवला आणि त्याची फाइल मागायला सुरुवात केली. म्हणून आज जुन्या सीडीवरची गेमची झिप फाइल नव्या मेमला दिली तर तो ‘डीएल-१४२५’ नावाची फाइल सापडत नाही म्हणून अडून बसतो. डीएल-१४२५ म्हणजे त्या क्यूसाउंड चिपवर छापलेला क्रमांक. पुष्कळ लोक इथेच वैतागून मेम सोडतात आणि वीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीकडे वळतात. वास्तविक ती तक्रार म्हणजे बोर्डावरच्या एका सुट्या भागाची पावती आहे. तो भाग जागेवर आला की पात्रांच्या आरोळ्या, गाडीचा आवाज, डाव्या-उजव्या स्पीकरमधला फरक हे सगळं अंदाजाने न उमटता मूळ चिपच्या प्रोग्रॅमप्रमाणे उमटतं.

पार्लरमध्ये अस्सल बोर्डांइतकेच नकली बोर्डही चालत, त्यांचीही दखल मेमने घेतली आहे. मुस्तफाच्या काही नकली बोर्डांवर क्यूसाउंड काढून तिच्या जागी स्वस्तातली पिक चिप बसवलेली होती. मेममध्ये त्यांची स्वतंत्र नोंद आहे. लहानपणी ऐकलेला आवाज घरच्या कॅबिनेटवर वेगळा वाटला तर त्याचं कारण पुष्कळदा इथे असतं. मूळ गेमच्या नोंदीला तिथे पालक म्हणतात आणि बाकीच्या प्रतींना क्लोन. अशी वंशावळ ठेवणारा दुसरा एम्युलेटर असलाच तरी त्याने ती मेमकडूनच घेतलेली असते.

यंत्र जसंच्या तसं चालवायचं तर त्याच्या चुकाही आल्या. पॅकमॅनमध्ये २५६ व्या फेरीला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरतो, कारण फेरी मोजायला दिलेल्या एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. मेममध्येही तसंच होतं, कारण तिथे मूळ चिपमधलाच प्रोग्रॅम चालतो. बोर्डावरचे छोटे स्विचही त्यात आहेत. किती जीव द्यायचे, किती कॉइनला एक डाव, हे मालक ज्या स्विचने ठरवत असे तेच घरी फिरवून कॉइनशिवाय खेळता येतं. जॉयस्टिक चार दिशांची हवी की आठ, पडदा उभा की आडवा, चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं, गेम नीट चालतो की अपुरा, ही माहिती मेम एका आज्ञेसरशी यादीच्या रूपात काढून देतो. कॅबिनेटचा आराखडा काढण्याआधी ही यादी बघितली तर मुस्तफा एका वेळी तिघांनी खेळायचा गेम आहे, हे तिसऱ्या खेळाडूच्या बटणांसाठी प्लायवुडला भोकं पाडण्याआधी कळतं.

चित्र नवं होण्याच्या त्या आकड्याकडे फार कमी लोक बघतात. घरचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. पॅकमॅनच्या बोर्डाचा वेग ६०.६ आहे, म्हणजे दर पावणेदोन सेकंदांच्या आतच एक चित्र गाळावं लागतं. डोळ्याला ते खटकतही नसेल. मॉर्टल कॉम्बॅट मात्र ५४.७ चा आहे. तो मॉनिटरच्या तालावर बसवला तर गेम जवळजवळ दहा टक्के जलद पळतो. मूळ वेगावर ठेवला तर दर सेकंदाला पाचेक चित्रं दोनदा दाखवावी लागतात आणि सरकतं चित्र अडखळतं. यावर दोनच चांगले उपाय आहेत. एक म्हणजे चित्राचा वेग बदलू शकणारा गेमिंग मॉनिटर. दुसरा म्हणजे जुना काचेचा ट्यूब मॉनिटर आणि त्यासाठी मेममध्ये फेरफार करून बनवलेला ग्रूव्हीमेम. ज्यांच्याकडे १५ किलोहर्ट्झचा ट्यूब मॉनिटर सुस्थितीत आहे त्यांनी दुसरीकडे वळूच नये, इतकं ते चित्र अस्सल दिसतं.

मेमवरचा नेहमीचा आक्षेप असा की तो जड आहे, आणि त्यात तथ्य आहे. जुन्या अंदाजांच्या जागी खऱ्या चिपांचं अनुकरण आलं की काम वाढणारच. रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डावर म्हणूनच ‘मेम २००३’ हा पर्याय लोकप्रिय झाला. तो ०.७८ या जुन्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि १९८० च्या दशकातले गेम त्यावर झकास पळतात. पण नंतर दुरुस्त झालेलं त्यात बहुतेक काही नाही. शिवाय फाइलींचा संच त्याच आवृत्तीचा लागतो. एका आवृत्तीचा एम्युलेटर आणि दुसऱ्या आवृत्तीच्या फाइली, हे नवशिक्यांच्या निम्म्या अडचणींचं मूळ असतं. जड असल्याच्या आक्षेपाला माझं उत्तर कॉम्प्युटर बदलण्याचं आहे. मेमला अनेक कोअरपेक्षा एका कोअरचा वेग जास्त उपयोगी पडतो. ऑफिसातून निघालेला एखादा जुना डेस्कटॉप मुस्तफाच्या पिढीतले गेम सहज पेलतो, आणि असे डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत कुठेही मिळतात. कॅबिनेटच्या पोटात जागा भरपूर असते. तिथे तळहाताएवढाच बोर्ड हवा असा हट्ट कशासाठी?

बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत वेळ जातो, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. ६० चित्रांच्या वेगात एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं असतं. दोन-तीन चित्रांचा उशीर मारामारीच्या गेममध्ये हाताला जाणवतो. यात मोठा वाटा बहुधा टीव्हीचा असतो, म्हणून आधी टीव्हीचा गेम मोड चालू करावा आणि मेममधली कमी उशिराची सोय वापरून बघावी. तरीही समाधान झालं नाही तर रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फायनलबर्न निओ हा एम्युलेटर चालवणं हे दुसरी पसंती घेण्याचं प्रामाणिक कारण आहे. फायनलबर्न निओ २०१९ साली आधीच्या फायनलबर्न अल्फामधून वेगळा झाला. कॅपकॉम आणि निओ जिओ यांच्या गेमवर त्याचा हात बसलेला आहे आणि तो हलकाही आहे. रेट्रोआर्क २०१८ पासून पुढची चित्रं आधीच हिशोबून ठेवतो आणि गेमच्या आतला उशीरही कापतो. ही युक्ती मूळ यंत्रात नव्हती, तरी स्ट्रीट फायटरची चुरस खेळणाऱ्याला मी ती नाकारणार नाही.

काही यंत्रांसाठी खास हत्यारच लागतं. सेगाच्या मॉडेल ३ बोर्डासाठी सुपरमॉडेल, नाओमीसाठी फ्लायकास्ट. या त्रिमितीय गेमच्या बाबतीत मेमचा हट्ट धरणं म्हणजे गेम संथ चालवणं होय. मेमची अचूकताही परिपूर्ण नाही. डाँकी काँगच्या विक्रमांवरून २०१८ साली जो वाद पेटला, त्यात चित्रफीत मूळ यंत्राची की एम्युलेटरची याची चर्चा पडदा बदलताना तुळया कोणत्या क्रमाने उमटतात यावर येऊन ठेपली होती. पण तो फरक ओळखता आला तो दोन्ही यंत्रांचा वर्तनक्रम चित्रागणिक तपासण्याइतका जवळ आला होता म्हणूनच. सैल अंदाजावर चालणाऱ्या एम्युलेटरबद्दल अशी चर्चा करायची वेळच येत नाही.

उरला कायद्याचा भाग. एम्युलेटर वापरण्यात काही गैर नाही. गेमच्या फाइलींवर मात्र कंपन्यांचा हक्क आहे, आणि भारतीय कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीचंच संरक्षण आहे. वापरणाऱ्याकडे प्रोग्रॅम कायदेशीरपणे असेल तर राखीव प्रत करण्याची मुभा आहे, नसेल तर नाही. हक्कधारकांच्या परवानगीने मोफत वाटले जाणारे ग्रिडली, रॉबी रोटो यांसारखे मोजके गेम मेमच्या संकेतस्थळावर मिळतात. नव्या कॅबिनेटची बटणं, आवाज, पडदा तपासायला ते पुरेसे आहेत. जे गेम कंपन्या आजही विकतात ते विकतच घ्यावेत. २०१८ साली कॅपकॉमने मारामारीचे सात जुने गेम एकत्र विक्रीला आणले, त्यात फायनल फाइट आणि कॅप्टन कमांडो होते. मुस्तफा नव्हता. हा गेम मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकवर बेतलेला आहे, त्यामुळे हक्क एकट्या कॅपकॉमच्या हातात नाहीत, आणि घरगुती कन्सोलवर तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. ज्यांना तो निर्धास्तपणे खेळायचा आहे त्यांनी जुना अस्सल बोर्ड शोधून विकत घ्यावा आणि त्याच्या चिपा स्वतः वाचून घ्याव्यात. तोवर कॅबिनेटच्या पॅनेलवर तिसऱ्या जॉयस्टिकची जागा राखून ठेवावी.