रॅम वाढवण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली इन्फोसिसच्या म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात जातात. बोलावण्याचं पत्र हातात पडलं की खरेदीच्या यादीत एक प्रश्न हमखास असतो. कॉलेजात घेतलेला आठ जीबीचा लॅपटॉप सरावाला पुरेल, की त्यात रॅम टाकून घ्यायची? हा पैसा बहुतेक वेळा आईवडिलांच्या खिशातून जातो. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर दुकानात उभं राहून देण्यापेक्षा घरी बसून शोधावं, असं मला मनापासून वाटतं.

लॅपटॉप अडतो कुठे?

चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम रॅममध्ये जागा घेतो. जागा संपत आली की विंडोज सध्या न लागणारा भाग एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. तुम्ही जुन्या टॅबवर क्लिक करता आणि पान पांढरं राहतं, तेव्हा बऱ्याचदा हीच ने-आण चाललेली असते.

ती किती महाग पडते पाहा. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंद. रॅमची वेळ एक सेकंद धरली, तर एसएसडीला सुमारे १७ मिनिटं लागतात आणि हार्ड डिस्कला एका दिवसाहून जास्त.

म्हणून रॅम वाढवल्यावर जे ‘फास्ट’ वाटतं, ते या खेपा थांबल्यामुळे. प्रोसेसर तोच, त्याचा वेगही तोच. खेपा होतच नसतील, तर आठचे सोळा आणि सोळाचे बत्तीस करूनही रोजच्या कामात फरक जाणवणार नाही.

आकडे कसे वाचायचे?

नेहमीचं सगळं काम आधी उघडा: ब्राउझर, एडिटर, ऑनलाइन वर्गाचा व्हिडिओ. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरी निवडा.

वर दिसणाऱ्या टक्क्यांनी घाबरू नका. रिकामी रॅम कामाची नसते, आणि साठ-सत्तर टक्के वापर अगदी नेहमीचा आहे. बघायचं ते ‘अव्हेलेबल’. काम ऐन रंगात असताना हा आकडा एक जीबीच्या खाली घुटमळत असेल आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख उसळ्या मारत असेल, तर रॅम कमी पडते आहे. ‘इन यूज’च्या कंसात ‘कम्प्रेस्ड’चा आकडा मोठा असेल, तर विंडोज माहिती दाबून दाबून बसवतं आहे. ‘कमिटेड’मधला पहिला आकडा तुमच्या एकूण रॅमच्या बराच वर असेल, तर तीही तीच खूण.

क्रोम वेगवेगळ्या साइटना वेगळी प्रोसेस देतं, त्यामुळे वीस-पंचवीस टॅब सहज काही जीबी खातात. त्यावर जावासाठी इंटेलिजे आणि सोबत एखादा डेटाबेस चालवला, की आठ जीबीत दम लागतो. अशा कामाला सोळा जीबी हवेच. नुसतं वाचन, वर्ड आणि व्हिडिओ असेल, तर आठात भागतं.

रॅमचा दोष नसतो तेव्हा

लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर पहिला पैसा एसएसडीवर घाला. सुरू व्हायला लागणारा वेळ आणि प्रोग्रॅम उघडण्याचा उशीर यांत तिचा फरक रॅमपेक्षा कितीतरी मोठा असतो. व्हिडिओ अडखळत असेल, तर आधी वायफाय तपासा. पंखा घोंगावतो आणि मग सगळं मंदावतं, तेव्हा धूळ साफ करून घ्या.

बसेल का?

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ असतं. दोनपैकी एक भरलेला दिसला तर उत्तम, पण मागचं झाकण उघडून खात्री केलेली बरी. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेल्या असतात. चिप यंत्राने बोर्डवर ठेवून भट्टीतून काढतात. हे कारखान्याचं काम, दुकानाच्या काउंटरवर होणारं नव्हे. म्हणून नवा पातळ लॅपटॉप घेताना सोळा जीबी पहिल्या दिवशीच घ्या.

स्लॉट असेल, तर पिढी जुळली पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना असतात, डीडीआर५ला २६२, आणि खाचही वेगळ्या जागी. एकीत दुसरी बसत नाही. वेग वेगवेगळे असले तर दोन्ही पट्ट्या सहसा कमी वेगावर चालतात. आठच्या एका पट्टीला आठचीच जोड दिली, तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये खेळ आणि व्हिडिओ एडिटिंगला त्याचा चांगला उपयोग होतो.

खरेदी

एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशल नावाने चालणारी किरकोळ विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ‘असू दे जास्तीची’ म्हणून रॅम घेण्याचे हे दिवस नाहीत. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा म्हैसूरहून बंगळुरूला गेलात तर एस. पी. रोड, कुठेही घ्या, पण पक्कं बिल आणि वॉरंटी घेऊनच. वापरलेली पट्टी घेतली, तर घरी येताच विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी चालवा.

बसवताना चार्जर काढा, शक्य असेल तर आतल्या बॅटरीची वायर सोडवा, आणि पट्टी तिरपी घालून दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज येईपर्यंत दाबा. डीडीआर५च्या मशीनवर पहिल्यांदा पडदा मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त काळा राहू शकतो. मदरबोर्ड तेव्हा नव्या पट्टीशी वेळ जुळवून घेत असतो. मध्येच बटण दाबून लॅपटॉप बंद करू नका.