नंबर नसलेली शर्यत

नोव्हेंबर उजाडला की नॉर्वेतल्या स्की क्लबांच्या मुलांचे डोळे आभाळाकडे लागतात. रानवाटांवरून घसरत धावायचे, तर बर्फ हवा! तो पडेपर्यंत थोडी मोठी मुले चाकांच्या स्की बांधून डांबरी रस्त्यावर सराव करतात. हल्ली बर्फाचा भरवसा उरलेला नाही. काही ठिकाणी तर तो उन्हाळाभर लाकडाच्या भुशाखाली साठवून ठेवावा लागतो.

अखेर शर्यती सुरू होतात. पण दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे नंबर काढायचे नाहीत, असा तिथल्या क्रीडा महासंघाचा नियमच आहे. आपल्याकडे आधी विचारतात, ‘कितवा आलास?’ याच नॉर्वेने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, तब्बल १६ सुवर्णपदके पटकावली.