खरा वेग आणि मिथ्या वेग : अतिक्रियाशील मूत्राशयाची पेशीगत मीमांसा

दर पाऊण तासाने मूत्रप्रवृत्ती, वेग आला की क्षणभरही थांबता न येणे, रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे आणि मूत्रपरीक्षणात मात्र काहीही दोष नसणे, अशा तक्रारींचा रुग्ण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, संसर्ग वा अन्य उघड विकृती नसताना अनावर वेग येणे हे ‘अतिक्रियाशील मूत्राशया’चे प्रमुख लक्षण होय.

या रुग्णास आज प्रथम मूत्राशयाचे प्रशिक्षण सुचविले जाते; म्हणजे वेग आल्यावर थोडे थांबावे व दोन प्रवृत्तींमधील अंतर हळूहळू वाढवावे. येथे वैद्याच्या मनात शंका उद्भवते. चरकसंहितेच्या ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात मूत्रवेगाचे धारण निषिद्ध मानले आहे; मग आपणच रुग्णास वेगधारण कसे सांगावे? ही शंका आम्हांसही दीर्घकाळ होती. तिचे उत्तर मूत्राशयाच्या पेशींकडे पाहिल्यास मिळते.

मूत्राशयाचे आतील अस्तर हे केवळ मूत्र अडवून धरणारा पडदा आहे, अशी पूर्वी समजूत होती. प्रत्यक्षात ते संवेदनशील आहे. मूत्र साठून भिंत ताणली गेली की अस्तराच्या पेशी एटीपी हे द्रव्य बाहेर सोडतात. लगतच्या संवेदी नाडीतंतूंवरील पी-२-एक्स-३ नावाचे ग्राही ते ग्रहण करतात व ‘मूत्राशय भरले’ हा संदेश मेरुरज्जूमार्गे मेंदूकडे जातो. हा ग्राही नसलेले उंदीर विलंबाने व अधिक प्रमाणात मूत्रविसर्जन करतात, असे २००० मध्ये दिसून आले. ताण ओळखणारे पायझो-२ हे प्रथिनही अस्तराच्या पेशींत व नाडीतंतूंत असून, ज्या व्यक्तींत ते जन्मतः निष्क्रिय असते त्यांना मूत्राशय भरल्याची जाणीव नीट होत नाही, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पायझो प्रथिनांचे संशोधक आर्डेम पॅटापूशियन २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले.

दुसरा घटक म्हणजे मूत्राशयाचा डेट्रुसर स्नायू. नाडीतंतूंतून सुटलेले ॲसिटिलकोलीन त्याच्या एम-३ ग्राहींवर कार्य करते, पेशीतील कॅल्शियम वाढते व स्नायू आकुंचन पावतो. याउलट बीटा-३ ग्राही उत्तेजित झाले की स्नायू शिथिल होतो व संचय सुलभ होतो. वार्धक्य, पौरुषग्रंथीची वृद्धी अथवा नाडीविकार यांमुळे स्नायुपेशी अधिक उत्तेजनक्षम होतात. मग एका ठिकाणचे लहानसे स्पंदन शेजारच्या पेशींत पसरते आणि मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन होते.

प्राकृत प्रौढ व्यक्तीचे मूत्राशय सुमारे ३०० ते ५०० मिलिलिटर मूत्र साठवू शकते. या रुग्णांत पुष्कळदा १०० मिलिलिटरलाच अनावर वेग येतो. अर्थात हा वेग संचयातून आलेला नसून चुकीच्या संदेशातून आलेला असतो. आमच्या मते शास्त्राने निषेध केला आहे तो प्राकृत वेगाच्या धारणाचा. अपानाच्या विकृत गतीतून उठलेला मिथ्या वेग क्रमाक्रमाने शमविणे हे त्या निषेधाच्या कक्षेत येऊ नये.

मात्र वेग मिथ्या आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते. रुग्णाकडून तीन दिवस प्रत्येक प्रवृत्तीची वेळ व मापलेले प्रमाण लिहून घ्यावे. प्रत्येक वेळी प्रमाण भरपूर असेल, तर प्रमेहाचा विचार करून रक्तशर्करा तपासावी. दाह वा ज्वर असल्यास संसर्ग, आणि मूत्रात रक्त असल्यास अश्मरी किंवा अर्बुद यांची शक्यता ध्यानी घेऊन विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे. धार क्षीण असेल, तर विसर्जनोत्तर शेष मूत्र सोनोग्राफीने पाहावे. शेष अधिक असताना रुग्णास थांबावयास सांगणे अपायकारक ठरेल.

आता औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक सूचना. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन ही औषधे ॲसिटिलकोलीनचे कार्य रोखतात. तेच ग्राही लालाग्रंथी व आंत्र येथेही असल्याने मुखशोष व मलावष्टंभ होतो. वृद्धांत भ्रम व मूत्रावरोधही संभवतो. धत्तूरातील ॲट्रोपिन व हायोसीन यांचे कार्य याच प्रकारचे आहे. कनकासवात धत्तूर असतो, सूतशेखरातही शोधित धत्तूरबीज असते. म्हणून श्वास वा अम्लपित्तासाठी हे कल्प घेणाऱ्या वृद्धास वरीलपैकी औषध चालू आहे काय, हे अवश्य विचारावे. मिराबेग्रॉन बीटा-३ मार्गाने कार्य करते. त्याने रक्तदाब वाढू शकतो. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनानेही तो वाढतो, म्हणून दोन्ही चालू असल्यास रक्तदाब नियमित मोजावा.

रुग्ण ही औषधे स्वतःहून क्वचितच सांगतो. मूत्राच्या गोळीचा आणि दम्याच्या आसवाचा काही संबंध असेल, असे त्याच्या ध्यानीही येत नाही. तो प्रश्न वैद्याने व औषधविक्रेत्यानेच विचारावयास हवा.