लीड्सच्या बोळातली भिंत

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या व्यायामशाळेतला एक बोळ प्रस्तरारोहकांमध्ये नावाजलेला आहे. १९६४ साली तिथले शारीरिक शिक्षणाचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनी या बोळाच्या विटांच्या भिंतीत खऱ्या खडकाचे तुकडे बसवले. कुठे बोटांची टोकं टेकतील एवढीच कड, कुठे बुटाचं टोक मावेल एवढी खाच. चढाईसाठी मुद्दाम काही बांधण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. अमेरिकेत सिएटलला शरमन रॉक नावाचा बांधीव खडक दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभा राहिला. पण तो उघड्यावर होता. तास संपले की दप्तर घेऊन थेट जावं, अशी छपराखालची जागा लीड्सच्या मुलांना मिळाली.

तिची गरजही तिथे खरीच होती. लीड्सच्या आसपास ग्रिटस्टोनचे, म्हणजे खरखरीत वालुकाश्माचे, कडे पुष्कळ. पण डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, पावसाचा नेम नाही आणि ओल्या खडकावर पकड टिकत नाही. हिवाळाभर बोटांची ताकद घालवायची आणि वसंतात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे चक्र या भिंतीने मोडलं.

दोर लावून कडा चढायचा तर बिले द्यायला, म्हणजे खालून दोर सांभाळायला, जोडीदार हवाच. इथे मात्र जमिनीपासून थोडंसंच वर राहून भिंत आडवी पार करायची, त्यामुळे एकट्याने आलं तरी चालायचं. कॉलेजात नव्या आलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या मुलाला ही केवढी सोय!

आणि एकट्याने आलेला तिथे एकटा राहायचा नाही. कारण अशा चढाईत मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू काही मिनिटांत भरून येतात, मूठ वळेनाशी होते. मग खाली उतरायचं, समोरच्या भिंतीला टेकून बसायचं आणि पुढच्याकडे बघायचं. या बसण्यालाच खरं मोल आहे. संध्याकाळचा बराचसा वेळ हात मोकळे होण्याची वाट बघण्यात जातो आणि तोवर तोंड मोकळंच असतं. कुणीतरी कोडं घालतो: अमुक दोन खडे वर्ज्य, उजवा पाय याच खाचेत, आता जा बघू पलीकडे. एक जण पडतो, दुसरा पडतो, तिसऱ्याला जमतं. मग ते कसं जमलं यावर चर्चा. या अरुंद बोळाचा असा कट्टा झाला.

जॉन सिरेट हे या कट्ट्याचं लेकरू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो लीड्सला शिकायला आला तेव्हा कड्यांचा त्याला फारसा अनुभव नव्हता. त्याने हात घडवले ते या भिंतीवर. शहराच्या उत्तरेला आल्म्सक्लिफ नावाचा कडा आहे. तिथली ‘वॉल ऑफ हॉरर्स’ ही वाट ॲलन ऑस्टिन यांनी १९६१ मध्ये प्रथम सर केली, पण त्यानंतर तिला भिडणारे विरळाच. १९७० मध्ये सिरेटने ती आधी सराव न करता चढून दाखवली. छपराखाली घडलेला आरोहक कड्यावर टिकत नाही, ही शंका तिथे संपायला हरकत नव्हती. पीट लिव्हसी, अल मॅन्सन असे त्या काळातले अव्वल आरोहकही बोळात सरावाला येत. मानाचा पाहुणा म्हणून नव्हे; तेही त्याच रांगेत टेकून बसत.

रॉबिन्सन यांनी पुढे अशा भिंती बांधण्याचाच व्यवसाय केला. बांधीव भिंतींवर स्पर्धाही होऊ लागल्या. स्पर्धात्मक चढाईचा विश्वचषक १९८९ मध्ये सुरू झाला, त्याची एक फेरी लीड्सलाच झाली आणि ती जेरी मोफॅटने जिंकली. १९९१ मध्ये शेफील्डला ‘द फाउंड्री’ हे चढाईचं मोठं बंदिस्त केंद्र उघडलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली टोबी रॉबर्ट्स या तरुणाने ब्रिटनला बोल्डर (दोराविना) व लीड (दोरासह) या एकत्रित प्रकारात सुवर्णपदक मिळवून दिलं.

आता ब्रिटनमधल्या अनेक भिंतींवर रंगीत प्लास्टिकचे होल्ड, म्हणजे पकडायचे खडे, असतात, खाली जाड गाद्या, दारातच भाड्याचे बूट. सप्टेंबरात नवं सत्र सुरू झालं की विद्यापीठांचे चढाईचे क्लब नव्या मुलांची नावं नोंदवून घेतात. परदेशातून आलेली, वर्गात अजून कुणाशी चार शब्दही न बोललेली एखादी मुलगी भिंतीच्या मध्यावर अडकते तेव्हा खालून दोघंतिघं एकदमच ओरडतात, ‘डावा पाय वर घे, आणखी वर!’ ती पाय वर घेते, पडते, गादीवरून हसत उठते. शनिवारी कड्याकडे निघणाऱ्या गाडीत कोण कोण बसणार याची यादी तिथेच चाललेली असते. तीत तिचंही नाव लिहिलं जातं.