विजेचा बेस, लंबकाची तार

‘थंडरबोल्ट’ या गाण्यातला बेस गिटारचा नाही. टेस्ला कॉइल या उच्चदाबाच्या विद्युतयंत्रातून उडणाऱ्या ठिणग्यांचा तो कडकडाट आहे. ठिणग्या जितक्या झपाट्याने उडतील तितका त्यांचा स्वर चढतो, आणि संगणक त्या ठिणग्यांना आरोह-अवरोहात नाचवतो. २०११च्या उन्हाळ्यात मँचेस्टरच्या महोत्सवात ही कॉइल पिंजऱ्यात बंद करून श्रोत्यांसमोर वाजवली गेली. गाण्यांच्या आधी निसर्गपटांचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांचा ध्वनिमुद्रित आवाज घुमत होता. हे गाणं ज्यात आहे तो आइसलँडची गायिका ब्यर्क हिचा ‘बायोफिलिया’ हा अल्बम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला.

गाण्यात निसर्ग आणायचा तर पावसाचा, पाखरांचा आवाज मुद्रित करून सुरांमागे पेरायचा, ही रूढ रीत. ब्यर्कने निसर्गाची घडणच गाण्याची घडण केली, आणि ती कानाला कळावी म्हणून यंत्रं बनवून घेतली. या अल्बमचं खरं मोल मला इथे दिसतं.

‘सॉल्स्टिस’साठी अँडी कॅव्हटोर्टा यांनी लंबकांची हार्प घडवली. चार मोठे लंबक झुलतात, त्यांच्या टोकाला तारा लावलेले फिरते दंडगोल असतात, आणि प्रत्येक झोक्यात एक तार छेडली जाते. लय गुरुत्वाकर्षणाची; स्वर कोणता ते संगणक ठरवतो. ‘क्रिस्टलाइन’मध्ये स्फटिकांची कोनदार रचना १७ मात्रांच्या आवर्तनात उतरते. १७ मात्रांच्याच शिखर तालाशी परिचय असलेल्या आपल्या श्रोत्याला ही विषम चाल परकी वाटू नये. त्यातला किणकिणाट ‘गेमलेस्ट’चा. चेलेस्टा या पट्ट्यांच्या वाद्यात इंडोनेशियातल्या गॅमेलान वाद्यवृंदाच्या धर्तीवर कांस्याच्या पट्ट्या बसवून इंग्लंडचे झांजकार मॅट नोलन आणि आइसलँडचे ऑर्गनकार ब्यर्गविन तोमासन यांनी ते सिद्ध केलं. शेवटी ‘सिक्स्टीनबिट’ या इंग्लिश जोडीचे तालाघात उसळतात आणि सगळी नाजूक रचना फुटून निघते. अल्बममधला तो सर्वांत थरारक क्षण आहे.

प्रत्येक गाण्याचं स्वतंत्र ॲपही होतं. स्कॉट स्निबी आणि इतर प्रोग्रामर ब्यर्कबरोबर बसून ती रचत होते. ‘व्हायरस’मध्ये पेशीवर चालून येणारे विषाणू बोटाने हटवता येतात, पण पेशी वाचवली तर गाणं पुढे सरकत नाही. ते पूर्ण ऐकायचं तर विषाणूला जिंकू द्यावं लागतं. विषाणू आणि पेशीच्या या प्रेमगीताला याहून अचूक रूप क्वचितच कुणी दिलं असेल. ‘हॉलो’साठी मेलबर्नचे जैववैद्यकीय ॲनिमेशनकार ड्र्यू बेरी यांनी डीएनएची नक्कल करणारी प्रथिनं दाखवली, आणि त्यांचंच ड्रम मशीन झालं. ‘डार्क मॅटर’ मात्र मला कल्पनेतच अडकलेलं वाटतं. न दिसणाऱ्या द्रव्यासाठी अर्थहीन अक्षरं वापरायची, इथवर ठीक. सूर पुढे जात नाहीत.

या सगळ्यामागे आइसलँडची जमीन आहे. काराह्न्यूकर इथल्या धरणाची वीज अल्कोआ कंपनीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला जाणार होती. त्याविरुद्ध २००२ मध्ये ब्यर्कच्या आईने उपोषण केलं. जून २००८ मध्ये ब्यर्क आणि ‘सिगुर रोस’ हा बँड यांनी राजधानी रेक्याविकमध्ये निसर्गरक्षणासाठी मोफत मैफल केली. कारखान्यांशी झगडणारी ही बाई तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवत नाही. विजेपासून ॲल्युमिनियमखेरीज आणखी काय घडवता येतं, हेच ती दाखवून देते.

सुरुवातीची ॲप फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालत. मुलांना संगीत शिकवायलाही उपयोगी पडणारी ही साधनं महागड्या टॅबलेटवाल्यांपुरतीच राहणं मोठी उणीव होती. ब्यर्कलाही ती खुपली असावी. २०१३ मध्ये अँड्रॉइड आवृत्तीसाठी ३,७५,००० पौंडांची लोकवर्गणी मागण्यात आली, पण ती मोहीम काही दिवसांतच गुंडाळावी लागली. तरी त्याच वर्षी ती आवृत्ती निघाली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने संग्रहात घेतलेलं पहिलं ॲप ‘बायोफिलिया’ ठरलं. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. रेक्याविकच्या शाळांत २०११ मध्ये सुरू झालेला याच नावाचा शिक्षणक्रम २०१४ पासून इतर नॉर्डिक देशांतही पोहोचला. त्यात मुलं विजेबरोबर अर्पेजिओ, म्हणजे एकामागून एक छेडलेले स्वरसंघाचे स्वर, शिकतात आणि चंद्रकलांबरोबर स्वरांची आवर्तनं.